हलाल विचारता, तय्यिब कोण विचारणार?

लांबलचक लिहिणार आहे, आधीच सांगते. डोकं तापलंय.

सकाळी साडेअकराला पुण्याहून भाचीच्या रूममेटचा फोन आला. "खाला, घाबरू नका, पण ही प्रॅक्टिकलला चक्कर येऊन पडली. सलाइन लावलंय." चिपळूणहून निघाले, कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडमार्गे पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. आता ती झोपलीय आणि मी तिच्या हॉस्टेलच्या खोलीत शेजारच्या कॉटवर बसून हे टाइप करतेय.

डॉक्टरांनी विचारलं, काल दिवसभरात काय खाल्लंस? पोरीला आठवेना. मग एकेक बाहेर आलं. दोन महिने सोमवार-गुरुवारचे नफिल, म्हणजे ऐच्छिक, रोजे चालू आहेत. सेहरी, म्हणजे रोज्याआधीचं पहाटेचं खाणं, नाही, कारण मेस आठला उघडते. रात्री नूडल्सचं एक पाकीट, वर एनर्जी ड्रिंक, आणि दोन-अडीचपर्यंत अभ्यास. शेवटी मान खाली घालून म्हणाली, "वजन पण कमी करायचं होतं ना, खाला."

तिचं कपाट उघडलं. कोरियन तिखट नूडल्सची पाकिटं, हलालचा शिक्का असलेली. तो शिक्का तिने मला बोट ठेवून दाखवला. कलौंजीच्या तेलाची बाटली, सील न तोडलेली. बापाने सौदीहून पाठवलेला अजवा खजुराचा डबा, तोही भरलेला, "जपून खातेय" म्हणे. एक फळ नाही, मूठभर शेंगदाणे नाहीत.

मला राग त्या शिक्क्याचा आला. म्हणजे शिक्का असू नये असं नाही, हलाल बघायलाच हवं. पण कुरआनातली सूरह बकराची 168 वी आयत आपण सगळ्यांनी मदरशात पाठ केलीय. जमिनीवर जे हलाल आणि तय्यिब आहे ते खा, असं आहे तिथे. दोन शब्द आहेत. तय्यिब म्हणजे चांगलं, स्वच्छ, अंगाला लागेल असं. आपण पोरांना पहिला शब्द घोटून घोटून शिकवला आणि दुसरा मदरशातच सोडून आलो. पुण्याला पोर निघाली की आई, फुफी, मामू सगळे एकच बजावतात, बाहेरचं मटण खाऊ नको, हलाल आहे का विचार. रात्री काय जेवलीस, हे कुणी विचारतं? मीही विचारलं नव्हतं.

मला माझ्या मेसच्या काकू आठवल्या. दिवसभर घाटातसुद्धा त्याच डोळ्यांसमोर होत्या.

1996 साल. मी एस.वाय.ला होते. रमजान जानेवारीच्या शेवटी लागला होता आणि पुण्यात कडाक्याची थंडी होती. हॉस्टेलात रोजे धरणाऱ्या आम्ही दोघीच. पहिले चार दिवस सेहरीला पाव आणि केळं. संध्याकाळी कॅम्पात जाऊन समोसे, भजी, जे तळलेलं दिसेल ते. पाचव्या दिवशी मी जिन्यात बसले ती उठेचना. काकूंनी बघितलं. भट घराण्यातल्या, कडक सोवळ्याच्या बाई. रोजा म्हणजे नक्की काय, हे त्यांना माझ्याकडूनच कळलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दिवसभर उपाशी आणि संध्याकाळी तेलात बुडालेलं? अगं, ही आमची एकादशी दुप्पट खाशीच झाली की! पहाटे किती वाजता खाता तुम्ही?"

त्या रात्रीपासून स्वयंपाकघराबाहेरच्या टेबलावर फडक्यात बांधलेला डबा असायचा. ज्वारीच्या दोन-दोन भाकऱ्या, पिठलं किंवा उसळ, वाटीभर दही, कधी गुळाचा खडा. जास्तीचा एक रुपया घेतला नाही. अट एकच होती, "उरलं तर टाकायचं नाही, मला सांगायचं, मी कमी करीन."

सूरह आराफच्या 31 व्या आयतीत हेच आहे, खा, प्या, पण उधळू नका. काकूंनी ती कधी वाचली नव्हती. आणि बकराची ती आयतसुद्धा फक्त मुसलमानांना उद्देशून नाही, तिची सुरुवातच "लोकहो" अशी आहे. तय्यिब काय असतं ते मला त्या फडक्यातल्या डब्याने कळलं.

आता रोज्याचं. इथे काहीजण मला अंगावर घेतील, घ्या. सोमवार-गुरुवारचा रोजा सुन्नत आहे, म्हणजे नबी मुहम्मदांचा पायंडा, मला माहीत आहे. पण "सेहरी करत जा, सेहरीत बरकत आहे" हेही त्याच नबींनी ﷺ सांगितलं, बुखारी या हदीसच्या, म्हणजे नबींच्या वचनांच्या, संग्रहात आहे. अब्दुल्लाह बिन अम्र हे तरुण सहाबी, म्हणजे नबींचे सोबती, रोज रोजा धरायचे, रात्रभर नमाजला उभे राहायचे. नबींना कळलं तेव्हा त्यांनी अडवलं. तुझ्या शरीराचा तुझ्यावर हक्क आहे, तुझ्या डोळ्यांचा हक्क आहे, म्हणाले. इबादत, उपासना करणाऱ्याला अडवलं! आणि आमची पोर वजनाचा काटा बघून उपाशी राहते, त्याला रोजा म्हणते, आणि आम्ही फोनवर "माशाअल्लाह" म्हणतो. मी स्वतः म्हटलंय. रमजानच्या फर्ज, म्हणजे बंधनकारक, रोज्यातसुद्धा आजाऱ्याला सवलत आहे, नंतर भरून काढ म्हणून. मग ही सक्ती कुठून आणली?

बरं, मान्य. मेसचं जेवण खरंच वाईट आहे. आज संध्याकाळी मीही तिथेच जेवले, पाण्यासारखी आमटी आणि कच्ची पोळी. पैशांची ओढाताणही मान्य.

पण अंडी उकडता येतात. भिजवलेले मूग-मटकी कुठल्याही खोलीत मोड येतात. नबी ताज्या खजुराबरोबर काकडी खायचे, हे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. काकडी पुण्यात मिळत नाही का? नबींच्या पत्नी हजरत आयेशा आजाऱ्याला आणि दुःखात असलेल्या घरातल्यांना तलबीना द्यायला सांगत, म्हणजे जवाची पातळ पेज. आता त्याची "सुन्नत फूड" म्हणून महागडी पाकिटं निघालीत, पोरं तीही मागवतात. अरे, आपल्या घरात नाचणीची आंबील आहे! आजारातून उठलेल्याला नानी तीच द्यायची. पाकिटावर अरबी अक्षरं नसली म्हणून ती तय्यिब नाही का?

नानी पोटभर वाढायची आणि तरी म्हणायची, "जरा भूक ठेवून उठ गो बाय." तिरमिझीच्या संग्रहातली हदीस मी खूप नंतर वाचली. माणूस पोटाहून वाईट भांडं भरत नाही, पाठ ताठ राहील एवढे घास पुरेत, आणि नाहीच भागलं तर एक भाग अन्न, एक भाग पाणी, एक भाग श्वासाला. आता कुणी म्हणेल, कमी खा असंच आहे ना, मग भाची काय चुकली? पाठ ताठ राहील एवढे, असं आहे ते. माझी भाची आज फरशीवर पडली होती.

लिहिता लिहिता राग उतरलाय थोडा. मघाशी उठली होती. म्हटलं, मला का नाही सांगितलंस गं? म्हणाली, "तुम्ही सगळे एवढं कौतुक करत होतात रोज्याचं, सोडला असं कसं सांगू?" यावर मला बोलता आलं नाही. तिला रागावून काय करू? वीस वर्षांची आहे. आईपासून लांब आहे. मला तरी कुठे काय कळत होतं, जिन्यात बसले होते तेव्हा.

त्या काकूंचं अजून एक सांगायचं राहिलं. आमची लातूरची रूममेट रोजा धरायची नाही, पण भाकरीच्या वासाने आमच्याबरोबर पहाटे पाचला उठून बसायची. दोघींच्या डब्यात तिघी जेवायचो. दोघांचं जेवण तिघांना पुरतं, अशी हदीसच आहे. काकूंना कळलं तेव्हा मला वाटलं ओरडतील. दुसऱ्या दिवशी डब्यात सहा भाकऱ्या. आणि पुढच्या वर्षी डिसेंबरातच त्यांनी मला हाक मारून विचारलं, "यंदा कधी लागतोय गं तुमचा रमजान?"

आता कामाचं. मी परवा चिपळूणला परतणार आहे. नाचणीचं आणि कुळथाचं पीठ ठेवून जाते, रूममेटला आंबील शिकवलीय. पण पहाटेचा डबा देणारी कोणी बाई या भागात असेल, कोथरूड-कर्वेनगरच्या बाजूला, तर मला इनबॉक्समध्ये कळवा. मुसलमानच हवी असं काही नाही. साधी भाकरी-उसळ चालेल. मुली तिघी आहेत, रूममेट आणि समोरच्या खोलीतली एक पण घेणार आहेत.