ऑडिटरने पोहे खाल्ले

‘थंडीच्या दिवसांतही रहिवासी स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवतात. ही सवय बदलल्यास ऊर्जेची बचत होईल.’

टॅक्सची कागदं जुळवताना परवा आमच्या घराच्या ऊर्जा-तपासणीचा हा रिपोर्ट पुन्हा हाताला लागला आणि पुन्हा डोकं फिरलं. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, आणि मधोमध हे वाक्य. रहिवासी म्हणजे आम्ही. खिडकी म्हणजे शेगडीशेजारची. आणि त्या दिवशी ती उघडी होती, कारण हे वाक्य लिहिणाऱ्या गृहस्थांसाठीच आत पोहे फोडणीला पडले होते.

बोस्टनजवळ आमचं शंभरेक वर्षांचं लाकडी घर आहे. तळघरात तेलावर चालणारा बॉयलर घुरघुरत असतो. ऊब वर जाते, छपरातून निघून जाते, तेलाचं बिल मात्र घरातच राहतं. यावर उपाय म्हणून राज्याची योजना आहे: घराची तपासणी फुकट, आणि इन्सुलेशनचा, म्हणजे ऊब अडवणाऱ्या थराचा, पाऊण खर्च त्यांचा. शिवाय केंद्राकडून टॅक्समध्ये ३० टक्के सूट होती, वर्षाला १,२०० डॉलरपर्यंत. २०२२च्या कायद्यात ही सूट २०३२पर्यंत मिळेल असं छापलं होतं. जुलै २०२५मध्ये नवा कायदा आला आणि मुदत ३१ डिसेंबर २०२५ झाली. सात वर्षं एका सहीत गेली. मग जो तो तपासणीच्या रांगेत. आमचा नंबर नोव्हेंबरात लागला, आणि तेव्हा नेमके नाना आमच्याकडे होते.

नाना म्हणजे माझे सासरे. साताऱ्याचे, वीज मंडळातून ज्युनिअर इंजिनिअर म्हणून निवृत्त. सकाळी ‘एनर्जी ऑडिटर येणार आहे’ एवढं माझ्या तोंडून निघालं आणि नानांची पाठ ताठ झाली. ‘ऑडिटर’ हा शब्द त्यांनी सदतीस वर्षं नोकरीत ऐकलेला. त्याचा अर्थ एकच: नाश्ता.

“ऑडिटरला उपाशी ठेवायचं नसतं, जावईबापू. पोटात काही गेलं की शेरे सौम्य होतात.”

“नाना, इथे तसं नसतं.”

“माणसाला पोट असतं ना?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बायकोने कांदे चिरायला घेतले.

ऑडिटर आला तो सहा फुटांवर उंच, हातात टॅब, पायात प्लास्टिकच्या निळ्या पिशव्या. नानांनी त्याला आधी बसवलं. मग प्लेट पुढे केली. तो म्हणाला, आम्हाला काही घ्यायची परवानगी नाही. नानांनी मान डोलावली. मंडळातल्या ऑडिटरांनीही पहिल्यांदा हेच म्हटलं असणार. “लिंबू पिळू का?” असं विचारून त्यांनी पिळलंसुद्धा. त्याने एक चमचा खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि प्लेट दुसऱ्यांदा भरून घेतली. खोबऱ्याचं काय म्हणतात तेही विचारलं. मी मनात म्हटलं, नाना बरोबर होते. मग तो उठला, हात धुवायला स्वयंपाकघरात गेला, खिडकीसमोर थांबला आणि टॅबवर काहीतरी लिहिलं.

आता या खिडकीबद्दल. इथल्या बऱ्याच घरांत शेगडीवर जो हूड असतो, त्याचा धूर बाहेर जातच नाही. पंखा तो खेचतो, एका जाळीतून गाळतो आणि स्वयंपाक करणाऱ्याच्या कपाळावर परत सोडतो. सकाळी उकडलेलं अंडं आणि संध्याकाळी फ्रोझन पिझ्झा खाणाऱ्यांना हे चालतं. आमच्याकडे हिंग-मोहरी पडते. सगळ्यांचे हिवाळी कोट आधी कपाटात कोंडायचे, कपाटाच्या दाराखाली टॉवेल लावायचा, मगच कढई तापवायची. नाहीतर ऑफिसच्या लिफ्टमध्ये लोक वर बघतात, काही बोलत नाहीत. तर खिडकी न उघडून करणार काय? आणि बाहेर जाणाऱ्या धुराड्याला सूट किती होती? शून्य. खिडकी बदलली की सूट होती. दार बदललं की सूट होती. धूर आमचा आम्ही बघायचा.

असो. मुख्य तमाशा पुढेच होता. ऑडिटरने पुढच्या दारात लाल कापडाचा पडदा ताणून बसवला, त्यात मोठा पंखा. घरातली हवा बाहेर खेचायची, आतला दाब ५० पास्कलने खाली आणायचा, की बाहेरची हवा प्रत्येक फटीतून आत घुसते. चारी बाजूंनी ताशी वीस मैलांचं वारं सुटल्यासारखं. पंखा सुरू झाला आणि घर शिट्ट्या वाजवू लागलं. फळीच्या सांध्यातून, प्लगच्या खाचेतून, पोटमाळ्याच्या झडपेतून.

फटी दाखवायला त्याच्याकडे धुराची नळकांडी होती. ती संपली होती. नानांनी खिशातून उदबत्तीचा पुडा काढला. खिशात का होता, हे मी त्यांना आजवर विचारलेलं नाही. पुढची वीस मिनिटं माझ्या घरात जे चाललं त्याला तपासणी म्हणावं की पूजा, मला सांगता येणार नाही. पुढे नाना, हातात तीन उदबत्त्या, प्रत्येक खिडकीला उजवीकडून ओवाळत. मागे सहा फुटी ऑडिटर, धूर कुठे वाकतो ते टिपत. बाथरूमच्या पंख्यापाशी धूर जोरात वाकला तेव्हा नाना ओरडले, “लीकेज!” तो म्हणाला, “येस सर!” त्यानंतर तो मला सोडून नानांनाच रिपोर्ट करू लागला. दिवाणखान्यात मात्र स्मोक अलार्म बोंबलला, आणि ही स्टूल घेऊन धावली.

मग इन्फ्रारेड कॅमेरा. स्क्रीनवर भिंती जांभळ्या, खिडक्या निळ्याशार. त्या सगळ्या गारठ्यात सोफ्यावर पिवळाधमक ठिपका: नानांचं नाक. नाकाच्या वर गडद पट्टा.

“हे काळं काय?”

“तुमची टोपी. ऊब बाहेर पडत नाहीये. या घरात इन्सुलेशन नीट असलेली एवढी एकच गोष्ट आहे.”

नानांनी माकडटोपी काढून उलटसुलट बघितली. “सातारच्या बाजारातली,” ते मला म्हणाले, “लिहून घे म्हणावं.” लिहून घेतलं नाही. खिडकी लिहून घेतली.

पोटमाळ्यावर काय भरणार, हे कळल्यावर तर नाना खूशच झाले. सेल्युलोज, म्हणजे वर्तमानपत्रांचा भुगा, आग लागू नये म्हणून बोरेट मिसळलेला.

“म्हणजे रद्दी आणि कॅरमची पावडर?”

“साधारण तसंच.”

“आमच्याकडे रद्दीवाला आपल्याला पैसे देतो, जावईबापू. तुम्ही त्याला देताय.”

तेवढ्यात ऑडिटरला तुळईवर चिनी मातीच्या दोन गोट्या दिसल्या. जुन्या काळी अशा गोट्यांवरून विजेच्या तारा ओढायचे. त्या चालू असतील तर त्यांच्यावर रद्दी ओतता येत नाही, हे मला मान्य आहे. नाना खालून शिडी धरून ओरडत होते की तारा तुटलेल्या दिसतायत, टेस्टर द्या, आत्ता सांगतो. पण सही परवानाधारक इलेक्ट्रिशियनचीच लागते. तो आला, वर डोकं घातलं, “मेल्यात,” म्हणाला, सही केली, १७५ डॉलर घेतले आणि गेला.

काम डिसेंबरात उरकलं. नळीतून भुगा फवारून पोटमाळा आर-४९पर्यंत भरला (आर म्हणजे ऊब अडवण्याचं माप). घर खरंच उबदार झालं. तेवढं नाकारून उपयोग नाही. पण टॅक्स भरायला बसलो आणि कळलं की इन्सुलेशनवर सूट फक्त मालावर होती, मजुरीवर नाही. हीट पंप, म्हणजे विजेवर घर गरम करणारं यंत्र, बसवलं तर मजुरीही धरत होते. रद्दी बसवलीत तर नाही. रद्दी काय स्वतः शिडी चढते? कंत्राटदाराच्या बिलात एकच ओळ होती: ६,४०० डॉलर. माल किती, मजुरी किती, वेगळं लिहून द्या म्हणून मेलामागून मेल धाडले, तेव्हा त्याने उपकार केल्यासारखं लिहिलं: माल २,०००. त्यातला पाऊण वाटा योजनेचा, तो धरायचा नाही. माझे उरले ५००. त्याचे ३० टक्के १५०.

अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष कार्टरसाहेब, त्यांनी १९७७च्या फेब्रुवारीत टीव्हीवर स्वेटर घालून देशाला सांगितलं होतं, दिवसा हीटर ६५ अंश फॅरेनहाइटवर ठेवा, रात्री ५५वर. पुढच्याच वर्षी कायदा केला: घर उबदार करा, ३०० डॉलरपर्यंत सूट घ्या. तेव्हाचे तीनशे! जवळजवळ पन्नास वर्षांनी मला त्याचे निम्मे मिळाले, आणि तेही शेवटच्या गाडीला लोंबकळून.

रविवारी नानांचा व्हिडिओ कॉल आला. मागे साताऱ्याची गच्ची, गच्चीवर चकचकीत पॅनेल. सूर्यघर योजनेत तीन किलोवॅट बसवलंय. “सबसिडी आली. ७८,०००. थेट खात्यात. तुमच्या रद्दीचं काय झालं?”

“दीडशे डॉलर सुटले, नाना.”

नानांनी डोळे मिटले. हिशेब करताना ते मिटतात.

“आणि त्या इलेक्ट्रिशियनचे एकशे पंच्याहत्तर कुठे दाखवलेत?”