पंचवीस मिनिटांचे पुणे

पुण्याला आईकडे जेवायला निघालेलो मी खंडाळ्याच्या घाटात दीड तास एका कंटेनरच्या गंजलेल्या दाराचा सखोल अभ्यास करीत बसलो होतो, तेव्हा मला हायपरलूप आठवले. २०१८ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश उद्योगपती रिचर्ड ब्रॅन्सन यांच्या साक्षीने आपल्या राज्य सरकारने त्याचा करार केला आणि जवळजवळ निर्वात अशा नळीतून मुंबईहून पुणे पंचवीस मिनिटांवर येणार, ही बातमी मी आईला मोठ्या उत्साहाने वाचून दाखवली. तिने शांतपणे हिशेब मांडला, “म्हणजे तू निघताना फोन केलास की मी कुकर लावायचा.”

मूळ कल्पना इलॉन मस्क यांची. २०१३ साली त्यांनी तिचे टिपण प्रसिद्ध केले आणि आपण कामात असल्याने ती दुसऱ्या कोणीतरी तडीस न्यावी, असे सुचवले. (आमच्या सोसायटीतही गच्चीच्या गळतीवर उपाय सुचवून लगेच घड्याळ पाहणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना मात्र कोणी द्रष्टे म्हणत नाही.) पुढे २०२० च्या नोव्हेंबरात नेवाडाच्या वाळवंटात, ज्या कंपनीशी आपला करार झाला होता तिच्या ५०० मीटर लांबीच्या नळीतून दोन माणसे ताशी सुमारे १७२ किलोमीटर वेगाने सुखरूप गेली. जपानने साधी रुळांवरची गाडी १९६४ सालीच ताशी २१० किलोमीटरने पळवली होती, पण तिला भविष्य म्हणायची पद्धत नसावी. २०२३ सरता सरता त्या कंपनीनेच गाशा गुंडाळला.

मस्क यांचे लक्ष तोवर मंगळाकडे लागले होते. २०२४ मध्ये तेथे माणसे पाठवण्याचा मनसुबा त्यांनी २०१७ साली जाहीर केला होता. ते सालही आले आणि गेले. मी हे सारे शेजारच्या काकांना तावातावाने ऐकवले, तेव्हा शेंगदाण्याची पुडी माझ्यापुढे करीत ते म्हणाले, “मंगळाला सहा-सात महिने लागतात म्हणे, पण मध्ये घाट नाही ना!”

एवढ्यात कंटेनर हातभर सरकला, आमच्या ड्रायव्हरने आशेने पहिला गिअर टाकला आणि लगेच काढला. फोन वाजला.

“कुठं पोचलास रे?”

“घाटात.”

“मघाशीही घाटातच होतास.” पलीकडून भांड्याचा आवाज आला. “तांदूळ भिजवलेत. कुकर लावू, की थांबू?”