सीमेपलीकडे औषध पोहोचते, पुढचे उपचार कोण करणार?

दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी या पट्ट्यातल्या माणसाची प्रकृती गंभीर झाली की त्याला आजही अनेकदा गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात हलवावे लागते. डिस्चार्ज कार्ड आणि एक्स-रे प्लास्टिकच्या पिशवीत घालून तो पत्रादेवीचा नाका ओलांडून घरी परततो, तेव्हा टाके काढणे, ड्रेसिंग, गोळ्या चालू आहेत की नाहीत हे पाहणे, ही सगळी जबाबदारी गावच्या आरोग्य केंद्रावर आणि आशाताईवर येते. ही तर एकाच देशातली, शांततेतली सीमा आहे. जिथे युद्ध चालू आहे, तिथे पलीकडच्या गावात अशी आशाताई नसेल, तर कितीही औषधे धाडली तरी उपचार अर्धवटच राहतात, असे माझे ठाम मत आहे.

सीरियाचे उदाहरण पाहा. जुलै २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने दमास्कसच्या, म्हणजे सीरियन सरकारच्या, संमतीविना सीमेवरच्या चार नाक्यांवरून मदत नेण्याची मुभा दिली. २०२० पर्यंत त्यांतला बाब अल-हवा हा एकच नाका उरला आणि जुलै २०२३ मध्ये रशियाच्या नकाराधिकारामुळे तीही मुभा संपली. लाखो आजारी माणसांचा औषधपुरवठा एका मतदानावर अवलंबून असावा, याची मला मनापासून चीड येते.

याउलट थायलंडच्या माए सोत गावात डॉ. सिंथिया माउंग यांनी १९८९ मध्ये दवाखाना सुरू केला. त्या स्वतः म्यानमारमधून जीव वाचवून आलेल्या होत्या. तिथल्याच लोकांना प्रशिक्षण द्यायचे, हे त्यांनी ओळखले. १९९८ पासून पाठीवर औषधांची पिशवी घेतलेली पथके सीमेपलीकडच्या गावांत जाऊ लागली. त्यांतली माणसे त्याच भागातली, तीच भाषा बोलणारी होती. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन मलेरिया तपासणे, बाळंतपण करणे, जखमा बांधणे ही कामे ती करतात. क्षयरोगासारख्या आजारात किमान काही महिने औषध न चुकता घ्यावे लागते, आणि तिथे रुग्णाच्या ओळखीचे माणूस जवळ असण्याला पर्याय नाही.

हा विषय आपल्यापासून दूर नाही. म्यानमारमधल्या २०२१ च्या लष्करी उठावानंतर तिथल्या चिन प्रांतातून हजारो लोक मिझोराममध्ये आले, आणि उठावाविरुद्धच्या असहकार आंदोलनाची सुरुवातच डॉक्टर व परिचारिकांनी केली होती. आपल्याकडे आश्रयाला आलेल्यांमध्ये असे जे प्रशिक्षित आरोग्य कर्मचारी असतील, त्यांची कौशल्ये तपासून त्यांना मिझोरामच्या आरोग्य केंद्रांत रीतसर काम द्यावे आणि रुग्णाची उपचारनोंद दोन्हीकडे वाचता येईल अशा नमुन्यात ठेवावी, अशी माझी केंद्र सरकारकडे आग्रहाची मागणी आहे.