अंधाराला कारण आहे, चकाकीला नाही
संग्रहालयांतल्या प्रकाशयोजनेवरच्या एका लेखात लघुचित्रांच्या दालनात ‘डोळे फुटतील इतका अंधार’ असल्याची तक्रार वाचली. ती अर्धीच पटली. जलरंग, कापड, जुना कागद यांवर साधारण ५० लक्सच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) प्रकाश असावा, असा संग्रहालयांचा जुना दंडक आहे. उडालेला रंग परत येत नाही आणि नुकसान साचत जातं. दगडी मूर्तीला ती भीती नाही, तिच्यावर हवा तेवढा झोत टाका.

खरी गोची मांडणीत असते. बाहेरच्या रणरणत्या उन्हातून थेट त्या खोलीत शिरलं, तर पहिली काही मिनिटं नीट दिसणार नाही. मधे मंद उजेडाचा एखादा बोळ ठेवला, तर डोळे सरावतात.

एका संग्रहालयात (नाव नको) आईला जुनी पैठणी दाखवायला नेलं होतं. समोरच्या ट्यूबलाइटमुळे काचेत आमचेच चेहरे! माहितीची पाटी गुडघ्याच्या उंचीवर, वाचायला वाकावं तर आपलीच सावली तिच्यावर. शेवटी आईची छत्री उघडून आडोसा केला, तेव्हा कुठे पदरावरचे मोर दिसले. रखवालदार धावत आला, ते सोडा.