पाठीवरचा पंजा

माझ्या पाठीवर एक हात आहे. कुणा थोरामोठ्याचा वरदहस्त वगैरे नव्हे. त्या बाबतीत माझी पाठ जन्मापासून मोकळीच आहे. हा खराखुरा पंजा आहे. डाव्या खांद्याच्या जरा खाली, पाच बोटं सुटी सुटी, अंगठा मानेकडे. तो माझ्या पावणेसहा वर्षांच्या पुतणीचा आहे आणि तो तिथे कसा आला, हे मी आतापर्यंत घरचे, शेजारचे, ऑफिसातले आणि एक त्वचारोगतज्ज्ञ अशा सगळ्यांना सांगून झालंय. आता तुम्हीच राहिलात.

मे महिन्यात आम्ही तारकर्लीला गेलो होतो. आम्ही तिघं, धाकटा भाऊ, वहिनी, ही पुतणी आणि आई. निघायच्या आदल्या दिवशी लेकीने सनस्क्रीनची ट्यूब आणली. पन्नास मिली, साडेपाचशे रुपये. ट्यूबवर एसपीएफ ५० असं लिहिलेलं. आता खोटं कशाला बोला, तोवर माझा समज असा होता की तो आकडा तापमानाचा असतो. म्हणजे ५० वालं ५० अंशांपर्यंत चालतं. नागपूर-चंद्रपूरकडच्यांनी ते घ्यावं, आपल्याला पुण्यात ३० पुष्कळ झालं. लेकीने डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला आणि समजावलं. नीट लावलं तर ३० वालं त्वचा भाजणाऱ्या किरणांपैकी साधारण ९७ टक्के अडवतं आणि ५० वालं ९८.

"म्हणजे एका टक्क्यासाठी दीडशे रुपये जास्त?" मी म्हणालो. तिला वाटलं मी विनोद करतोय.

खरी मेख त्या 'नीट लावलं तर'मध्ये आहे. मोठ्या माणसाच्या सगळ्या अंगाला एका वेळी साधारण तीस मिली लागतं, म्हणजे अर्ध्याहून जास्त ट्यूब. बाहेर पडायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावायचं, दर दोन तासांनी परत लावायचं, पाण्यातून बाहेर आलं की पुन्हा लावायचं. मी लगेच मोबाइल काढून हिशेब केला. आई पडवीत बसणार, तिला वगळू. उरलेली सहा माणसं, दिवसातून तीनदा, तीन दिवस. तीसेक ट्यूबा, म्हणजे सोळा-सतरा हजार रुपये. त्यापेक्षा तारकर्लीच्या किनाऱ्यावर मांडव घालणं स्वस्त पडलं असतं. शिवाय आम्ही अख्खा मे महिना उन्हात विटीदांडू खेळून मोठे झालो, तेव्हा कुठे होतं एसपीएफ? हे वाक्य मी बापाने ज्या सुरात म्हणायचं असतं त्या सुरात म्हटलं आणि ट्यूब बायकांच्या बॅगेत टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर पुतणीने ती शोधून काढली. "काका, मी लावते." मी उघडाबंब बसलो होतो. तिने तळहातावर मोठा थोरला गोळा घेतला आणि माझ्या पाठीवर थापकन हात मारला. हात तसाच दाबून ठेवला. तेवढ्यात तिला वाळूत एक चिमुकला खेकडा तुरुतुरु जाताना दिसला आणि माझं सनस्क्रीन तिथेच संपलं.

मग आम्ही किल्ला करायला घेतला. पुण्याच्या माणसाला ओली माती दिसली की त्याचे हात शिवशिवतात. इथे तर मैलभर ओली वाळू आणि चार कोसांच्या आत खुद्द सिंधुदुर्ग. महाराजांना तो बांधायला १६६४ ते १६६७ अशी तीन वर्षं लागली, आम्ही तीन तासांत उभा केला. त्यांनी पायात शिसं ओतलं होतं, आम्ही शहाळ्याचं उरलेलं पाणी ओतलं. दरवाजा गोमुखी पाहिजे म्हणून मी हटून बसलो आणि तो दोनदा लाटेने नेला. साडेदहा ते दीड मी गुडघे टेकून, पाठ आभाळाकडे करून बुरूज थापत होतो. वर पातळसे ढग, समोरून गार वारा. ऊन असं जाणवतच नव्हतं. जाणवणारच नाही, कारण भाजणारे किरण गरम लागत नाहीत. पातळ ढगांतून तर ते ८० टक्क्यांपर्यंत आरामात खाली येतात आणि वाऱ्याचा त्यांच्याशी काडीचाही संबंध नसतो. हे मला नंतर कळलं. नंतर कळलेल्या गोष्टींची माझ्याकडे मोठी यादी आहे.

संध्याकाळी पाठ नुसती कोमट होती. रात्री आठला जेवायला बसलो, सुरमईचा पहिला घास घेतला आणि शर्ट पाठीला टेकला. त्या घासाची चव आजही सांगता येणार नाही.

बायकोने शर्ट वर केला. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग लेक म्हणाली, "बाबा, हलू नका," आणि तिने फोटो काढला. फोटोत मला माझी पाठ पहिल्यांदाच नीट दिसली. मानेपासून नाडीपर्यंत पिकल्या डाळिंबासारखी लाल, आणि त्यात एक गोरापान, नेटका पंजा. एवढ्या मोठ्या पाठीवर ती साडेतीन इंच जागा काय ती शहाणपणाने वागली होती. ज्यांना सनस्क्रीन ही कंपन्यांची लबाडी वाटते त्यांच्याशी मी आता वाद घालत नाही, शर्ट वर करतो.

ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकी कंदील, आपलं, टॉर्च घेऊन आल्या. "अहो, ह्या काय करून घेतलात? भर दुपारचे उघड्या आंगान दर्यार कोण बसता? आमचे रापणकार सुद्धा आंगभर कपडे घालतत!" आणि खरंच, दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पाहिलं. रापण, म्हणजे मासे धरायचं मोठं जाळं, किनाऱ्यावरून ओढणारी माणसं लांब हातांचे शर्ट, डोक्याला टोपी नाहीतर टॉवेल, अशा थाटात होती. ज्यांचा जन्म उन्हात गेला ते झाकून घेतात आणि ज्याने वर्षभर ट्यूबलाइटखाली काढलं तो उघडा बसतो. त्यांचं झालं रापणं, माझं झालं भाजणं. मराठीत हे दोन शब्द उगाच वेगळे नाहीत.

परतीचे नऊ तास मी गाडीच्या सीटला न टेकता बसलो. फोंडा घाटात प्रत्येक वळणाला मी मागे आपटायचो आणि सीटबेल्ट खांद्यावरून करवतीसारखा फिरायचा. आई मागून म्हणत होती, "ताठ बसलायस, छान दिसतोस."

घरी आलो आणि माझी पाठ सार्वजनिक झाली. पाठ ही मोठी विचित्र वस्तू आहे. आपलीच, पण आपल्याला दिसत नाही, हात पोहोचत नाही. तिच्याबद्दल सगळी माहिती दुसऱ्यांकडे. त्यामुळे उपायही तेच ठरवतात.

पहिला मान आईचा. दही. सायीसकट, विरजणाचं, गार. लावल्यावर पहिली दोन मिनिटं स्वर्ग. मग ते वाळायला लागलं, पाठ ओढायला लागली, आणि सोसायटीतली एक मांजर, जिने सात वर्षांत माझ्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, ती दाराशी येऊन अत्यंत प्रेमाने बघायला लागली. समोरच्या काकू लिंबू घेऊन आल्या. रंग उजळतो म्हणे. इथे लेक आडवी आली, कारण लिंबाचा रस अंगावर राहून वर ऊन लागलं तर कातडी आणखी भाजते, फोड येतात. कुणी खोबरेल सुचवलं, कुणी साजूक तूप. ताज्या भाजलेल्या कातडीला जाड तेल-तूप फासलं की आग आतच कोंडते. मला तर कांद्याची फोडणी तेवढी राहिली असं वाटायला लागलं.

बायको शहाणी आहे, तिने कोरफड निवडली. गॅलरीतल्या कुंडीतलं चांगलं जाडजूड पान कापलं, मधोमध चिरलं आणि तस्संच पाठीवरून फिरवलं. गार लागलं हो. पण दहा मिनिटांत खाज सुटली, आणि आपल्या हाताला न येणाऱ्या जागी सुटलेली खाज म्हणजे काय ते मी सांगत बसत नाही. झालं असं होतं की कोरफडीच्या सालीलगत एक पिवळा चीक असतो, तो पान उभं धरून आधी निथळू द्यायचा असतो. गुणी असतो तो आतला पारदर्शक गर. म्हणजे आगीवर आम्ही खाज लावली होती. मी दाराच्या चौकटीला पाठ घासायला गेलो आणि भिंतीला अंग घासणाऱ्या म्हशीबद्दल माझ्या मनात जन्मभराचा आदर निर्माण झाला. तिची कातडी तरी शाबूत असते.

मग लेकीचं कपाट उघडलं. त्या कपाटाकडे मी आजवर फक्त बिल भरणारा म्हणून पाहत होतो. टोनर, सिरम, नायसिनामाइड, रेटिनॉल, हायलुरॉनिक ॲसिड. ॲसिड म्हटल्यावर मी उठून उभा राहिलो. ती म्हणाली, घाबरू नका, हे पाणी धरून ठेवणारं ॲसिड आहे. साल काढणारी ॲसिडं वेगळी, ती आणि रेटिनॉल आत्ता तुमच्या जवळपास येऊ द्यायची नाहीत. बोलता बोलता तिने अशीही माहिती पुरवली की १९७५ साली फिट्झपॅट्रिक नावाच्या अमेरिकन डॉक्टरने उन्हाला कातडी कशी वागते त्यावरून तिचे प्रकार पाडले, ते सुरुवातीला फक्त गोऱ्यांचेच होते. आपल्यासारखे सावळे-काळे मागाहून घातले. म्हणजे "आपल्या रंगाला काही होत नाही" हा गैरसमज माझ्या एकट्याचा नव्हे, शास्त्रानेही आपल्याला आधी रांगेत घेतलं नव्हतं. मला जरा बरं वाटलं. पाठीला नाही.

अखेर डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाठ पाहिली, पंजा पाहिला, आतल्या खोलीतून असिस्टंटला बोलावून त्यालाही दाखवला. मग म्हणाले, गार पाण्याच्या पट्ट्या, दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. बर्फ नको. अंग ओलसर असतानाच साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर. खाजेला कॅलामाइन. पाणी भरपूर प्या, फोड आलेच तर फोडू नका, ताप-थंडी वाटली तर लगेच या. एवढंच. आठशे रुपये. एक ट्यूब आणि वर अडीचशे.

कॅलामाइन म्हणजे मुळात जस्ताच्या ऑक्साइडची भुकटी, त्यात चिमूटभर लोहाचा अंश, म्हणून तो देवळाच्या पत्रिकेसारखा गुलाबी रंग. ते पाठीला लावायचं कसं हा प्रश्न होता, कारण मंडळी सकाळी आठला घर सोडतात. मी पोळीच्या उलथन्याला मऊ फडकं गुंडाळून पाहिलं. उलथनं कमरेपर्यंत आणि खांद्यांपर्यंत पोहोचतं. त्या दोहोंच्या मधला एक चौकोन मात्र असा आहे की तिथे माझं काहीच पोहोचू शकत नाही. शेवटी मी बाथरूमच्या टाइलवर अर्धी बाटली ओतली आणि स्वतःच तिला पाठ लावून वर-खाली झालो. गुडघे वाजत होते. त्याच वेळी कामवाल्या मावशी बादली घ्यायला आल्या, त्यांनी पाहिलं, दार हळूच लोटून घेतलं, आणि तो विषय त्यांनी आजतागायत काढलेला नाही. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

सांगतात की १९३८ साली ग्रायटर नावाचा एक ऑस्ट्रियन विद्यार्थी आल्प्समधल्या पिट्झ बुइन शिखरावर चढताना असाच भाजला आणि त्या रागाने पुढे त्याने सनस्क्रीन तयार केलं. माणसामाणसांत फरक असतो. मी टाइल्स धुतल्या.

चौथ्या दिवशी ऑफिसला गेलो. सुती सैल शर्ट, खुर्चीपासून चार बोटं अंतर. नेमका त्याच दिवशी आमच्या शाखेचा आकडा विभागात पहिला आला. बावीस वर्षांच्या नोकरीत वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली असा एकही प्रसंग नाही. एकही! त्या दिवशी साहेब केबिनमधून हसत बाहेर आले, थेट माझ्यामागे उभे राहिले आणि हात उचलला. मी "नको" म्हणेपर्यंत तीन थापा पडून गेल्या होत्या. माझ्या डोळ्यांत पाणी पाहून साहेबही गहिवरले. त्यांनी चौथी मारली.

आठवडा संपता संपता मी कात टाकायला लागलो. शाळेत हातावर फेव्हिकॉल वाळवून तो अलगद, अख्खा सोलून काढायचा जो आनंद होता, त्याची मोठी आवृत्ती आता घरात उपलब्ध होती आणि सगळ्यांची बोटं वळवळत होती. लेकीने सक्त ताकीद दिली, ओढायचं नाही, आपोआप गळू द्यायचं, खालची कातडी कोवळी असते. बायको हो हो म्हणायची आणि टीव्ही बघता बघता माझ्या मानेमागे काहीतरी टरकायचं. ऑफिसच्या काळ्या खुर्चीवर रोज संध्याकाळी पापडाचा चुरा सांडल्यासारखं दिसायचं.

आता सगळं शांत आहे. भाजलेला भाग गडद झालाय, पंजा मात्र तसाच, गोरा, स्वच्छ. वॉचमनने तो कुठल्या पक्षाचा म्हणून विचारलं. आचारसंहितेत झाकावा लागेल असं भावाचं मत पडलं. पुतणी तर घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला "हे मी केलंय" म्हणून शर्ट वर करून दाखवते आणि त्यावर आपला हात ठेवून बरोब्बर बसतो हे सिद्ध करते.

परवा एका साखरपुड्यात तिने हा कार्यक्रम भर मांडवात केला. नवऱ्या मुलाची आजी शेजारीच बसली होती. त्यांनी चष्मा पुसला, पंजा अगदी जवळून निरखला, आणि खालच्या आवाजात माझ्या बायकोला विचारलं, "मारलं का गं यांना कुणी?"

"अजून नाही," बायको म्हणाली.