एफएचएचा अप्रेझर कोणासाठी येतो? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचा राग समजू शकतो, पण तुमचा निष्कर्ष मला मान्य नाही.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. यांच्या मेहुण्याने न्यू जर्सीत १९५०च्या दशकातलं एक घर पसंत केलं. लोन एफएचएचं, म्हणजे अमेरिकी सरकारच्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनच्या योजनेतलं. अप्रेझरने, म्हणजे कर्जाआधी घराची किंमत आणि स्थिती बघणाऱ्याने, गॅरेजच्या खिडक्यांवरचा सुटलेला रंग पाहून दुरुस्तीची अट घातली, विकणारा अडून बसला आणि सौदा फिसकटला. यावर यांचे आक्षेप दोन. एक, ही निव्वळ सरकारी अडवणूक आहे. दोन, सरकारचा माणूस घर एवढं बारकाईनं बघतो, तर वर पैसे मोजून होम इन्स्पेक्शन (खरेदीदाराने स्वतःसाठी करवलेली घराची तपासणी) करून घ्या, असा सल्ला मी का देतो?

दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तरही त्यातच आहे. तो माणूस तुमच्या मेहुण्यासाठी आलेलाच नव्हता. एफएचए कर्ज देत नाही, बँकेने दिलेल्या कर्जाचा विमा उतरवते. हप्ते थकले, तर बँकेचं नुकसान विम्याच्या फंडातून भरून दिलं जातं, आणि काही वेळा घर सरकारच्या, म्हणजे 'हड' या गृहनिर्माण खात्याच्या, गळ्यात पडतं. तेव्हा ते राहण्याजोगं आणि विकण्याजोगं असावं, एवढीच त्यांची काळजी. सुरक्षितता, तारणाची सुरक्षा आणि बांधकामाची मजबुती या तीन गोष्टींपलीकडे ते जात नाहीत. अप्रेझर नळ सोडतो, फ्लश करतो, हीटिंग चालू करून बघतो. छत निदान दोन वर्षं टिकेल का, ते पाहतो. ॲटिकमध्ये (छताखालच्या माळ्यात) पूर्ण शिरता येत नसेल, तर डोकं आणि खांदे आत घालून नजर टाकली, तरी त्याचं काम भागतं. भिंतीआडचे पाइप किंवा अंगणाखालची सांडपाण्याची लाइन तो तपासत नाही, ते त्याचं कामही नाही. माझ्यावर विश्वास नसेल, तर मेहुण्याच्या कागदांत 'फॉर युअर प्रोटेक्शन: गेट अ होम इन्स्पेक्शन' नावाचा फॉर्म शोधा. तो हडचाच आहे. घराच्या किमतीची किंवा स्थितीची हमी एफएचए देत नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. लोनच्या गठ्ठ्यात तो कोणी वाचत नाही, ही गोष्ट वेगळी.

आता रंग. तुम्ही त्याला 'दिसण्यापुरती बाब' म्हणता. अलीकडे बांधलेलं घर असतं, तर मीही तेच म्हटलं असतं. पण अमेरिकेत घरांच्या रंगात शिसं वापरायला बंदी आली ती १९७८ मध्ये. त्याआधीच्या घरात सुटलेले पापुद्रे म्हणजे रांगतं मूल तोंडात घालेल असं विष, आणि खिडकी उघड-बंद होताना त्याचीच धूळ पडते. म्हणून अशा घरांत आतला, बाहेरचा, कुंपणाचा, वेगळ्या गॅरेजचा, कुठलाही सुटलेला रंग खरवडून पुन्हा रंगवावा लागतो. याउलट झिजलेली फरशी, तडकलेली काच, ठिबकणारा नळ, जिन्याचा नसलेला कठडा असल्या गोष्टींसाठी सरसकट दुरुस्ती मागणं एफएचएने डिसेंबर २००५ मध्येच सोडून दिलं. एफएचएचं नाव काढताच विकणारे नाक मुरडतात, ते बरंचसं त्याआधीच्या आठवणींमुळे. एजंट मंडळीही ती भीती जपून ठेवतात.

'कन्व्हेन्शनल (सरकारी विमा नसलेलं साधं कर्ज) घ्या म्हणजे कटकट नाही' हा तुमचा सल्ला ज्याच्याकडे पैसे आणि चांगला क्रेडिट स्कोअर आहे त्याला ठीक. साडेतीन टक्के डाउन पेमेंट आणि ५८०चा स्कोअर घेऊन उभ्या असलेल्या माणसाला तो काय उपयोगाचा? आणि कर्जाचा प्रकार बदलल्याने रंगातलं शिसं कमी होत नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे. हा खर्च कोणी करायचा, हे नियम सांगत नाही. दुरुस्ती झाली पाहिजे, एवढंच सांगतो. स्पर्धेच्या बाजारात विकणाऱ्याकडे दुसरी ऑफर तयार असते, मग तो कशाला ब्रश हातात घेईल? त्यामुळे चांगलं घर हातचं जातं ते एफएचएवाल्याचंच. नियम योग्य असला, तरी त्याचा भार कमी पैशाच्या माणसावर पडतो, हे मी नाकारत नाही.

मेहुणा पुन्हा घर बघणार असेल, तर त्याला सांगा: १९७८ पूर्वीचं घर असेल तर ऑफर देण्याआधीच बाहेरून एक फेरी मारून खिडक्यांच्या चौकटी आणि पोर्च बघ, आणि दुरुस्तीचं बोलणं करारातच करून घे. अप्रेझलच्या दिवशी वीज, पाणी, गॅस चालू राहील, याची खात्री एजंटकडून करून घे. थंडीमुळे बाहेरचा रंग देता येत नसेल, तर त्याचे पैसे एस्क्रोत (तिऱ्हाइताकडच्या राखीव खात्यात) ठेवून आधी क्लोजिंग, म्हणजे खरेदीचा व्यवहार पूर्ण, करता येतं का, हे लेंडरला विचार; बऱ्याच जणांना ही सोय ठाऊकच नसते. आणि घराचं काम रंगापलीकडचं असेल, तर एफएचएच्याच २०३(के) लोनमध्ये खरेदी आणि दुरुस्ती एकाच कर्जात बसते. कागदपत्रं जास्त, वेळ जास्त, पण विकणाऱ्याच्या विनवण्या कराव्या लागत नाहीत.