रात्रपाळी आणि कॅन्सर: त्या मेसेजबद्दल खुलासा

‘रात्रपाळी करणाऱ्याला कॅन्सर होणारच, डब्ल्यूएचओने जाहीर केलं,’ हा मेसेज आम्हा रुग्णवाहिकेवरच्या मंडळींत फिरतोय. परवा मीही तो पुढे पाठवला, चूक झाली. डब्ल्यूएचओच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीला ‘२-ए’ गटात, म्हणजे ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हणून ठेवलं. पुरावा किती भक्कम, एवढंच हा गट सांगतो. धोका किती मोठा, ते नाही. ‘होणारच’ असं त्यात कुठेही नाही.

त्रास मात्र खरा आहे. पहाटे चारला स्ट्रेचर पुसताना डोळे मिटतात, घरी आडवं झाल्यावरही सायरन कानात वाजत राहतो. पाळ्या सतत बदलल्या की झोप, रक्तदाब, साखर बिघडू शकते. ते वेळोवेळी तपासून घ्या.

मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तिथे हा खुलासा टाका.